दोरा कुठं गेला

खोके चौदा. त्यांत कार्डं चार हजार एकशे बारा. त्यांपैकी सहा भिजून वाळलेली, एक उंदराने कुरतडलेलं. पेन्सिली तीन, त्यांतल्या दोन दोन्ही टोकांनी तासलेल्या. गोधडी शिवायची लांब सुई एक. आणि एका पारदर्शक पिशवीत दोरे : लाल तीनशे अठ्ठ्याऐंशी, पिवळे एकशे एकतीस, निळे ब्याण्णव. एकूण सहाशे अकरा. दोरे मी स्वतः मोजले होते, कारण ते मीच कापले होते, आणि कापलेली वस्तू मोजून ठेवावी एवढी शिस्त भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने मला लावली आहे. मोजल्यावर पिशवीवर चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली, आणि पुढचे तीन महिने त्या पिशवीकडे पाहिलं नाही.

आमची संस्था इतवारीत आहे, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. सिकलसेलच्या रुग्णांना वरचेवर रक्त लागतं, आणि ते देणारी माणसं शोधून देणं हे संस्थेचं काम. तेवीस वर्षं हे काम कौसल्यामावशींनी हाताने लिहिलेल्या दात्यांच्या कार्डांवर चाललं. मला इथे घेतलं ते ही कार्डं संगणकात घालायला, आणि ज्याला संगणकातलं काही कळत नाही त्यालाही त्यातून माणूस शोधता यावा म्हणून. वॉर्डातली नर्स, ऑटोवाला, आजारी मुलाची आजी, कोणालाही. मी फोनच्या पडद्यावर एकच चौकोन ठेवला होता आणि त्याखाली एकच बटण : शोधा. याहून सोपं काही असू शकत नाही असं मला वाटत होतं. माणसं त्या चौकोनात काय लिहितात याची नोंद आपोआप राहते. ती मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते, जसा कोणी पेपर वाचेल. एप्रिलमधल्या त्या मंगळवारी कूलरमध्ये पाणी भरून मी नोंद उघडली, तर आदल्या दिवशी दुपारी चार वाजून सात मिनिटांपासून अकरा मिनिटांत एकाच फोनवरून सात प्रश्न आलेले होते. रोशनी. रोशनी हुडकेश्वर. हुडकेश्वरची रोशनी कळमन्याले दिली ते. कळमन्याले दिलेली पोरगी बी पॉझिटिव्ह. रोशनीचं सासरचं नाव. लाल दोऱ्याची रोशनी. दोरा कुठं गेला. पहिल्या प्रश्नाला अडतीस नोंदी मिळाल्या होत्या, दुसऱ्याला एक. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत प्रत्येकासमोर मी लिहून ठेवलेलं तेच वाक्य होतं : शून्य नोंदी सापडल्या. फोन कौसल्यामावशींचा होता.

सातवा प्रश्न मी तीनदा वाचला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, जिथे कात्रीची कडी रुतायची, तिथे तीन महिन्यांनी पुन्हा दुखल्यासारखं झालं. जानेवारीत स्कॅनर आला तेव्हा पहिल्याच गठ्ठ्यात तो अडकला. कार्डाच्या कोपऱ्यात भोक, भोकात दोरा, दोऱ्याला गाठ, गाठीच्या पलीकडे दुसरं कार्ड. यंत्र एका वेळी एकच कार्ड ओढतं. दोन कार्डं एकमेकांना धरून आत गेली की त्याच्या पोटात कुरकुर व्हायची आणि लाल दिवा लागायचा. मी दोन दिवस बसून सगळे दोरे कापले. मावशी समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होत्या. बशीत ओतून, फुंकर घालून. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "दोरे काढावंच लागतेत का वं?" मी म्हटलं, "हो मावशी, मशीनमध्ये अडकतात." "बरं," म्हणाल्या. थोड्या वेळाने, "फेकू नको मात्र." त्यांच्या त्या 'बरं'मध्ये मला तेव्हा फक्त होकार ऐकू आला. दोरे कापून झाल्यावर, स्कॅन करण्याआधी, मी सगळी कार्डं नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावली. तसं करायची काही गरज नव्हती. पण चार हजार कार्डं कुठल्याशा अनाकलनीय क्रमाने पडलेली पाहून मला बेचैन व्हायचं, आणि अ पासून ज्ञ पर्यंत लावल्यावर छाती मोकळी झाली. त्या मोकळेपणाची मला आता लाज वाटू लागली होती. नेमकी कशाची ते अजून कळलं नव्हतं, पण अंगात आधी पोचलं होतं.

रोशनी कोण ते मला माहीत होतं. शनिवारी तिला मीच शोधून काढलं होतं. उन्नती नावाची नऊ वर्षांची मुलगी मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिला आजवर एकतीस वेळा रक्त चढलंय. इतक्या माणसांचं रक्त आत जाऊन जाऊन तिच्या शरीराने परकं ओळखायची सवय लावून घेतली. आता नुसतं बी पॉझिटिव्ह जुळून भागत नाही, त्याच्या आतले पोटगटही जुळावे लागतात. रक्तपेढीने तिच्यासाठी सेहेचाळीस पिशव्या तपासल्या आणि सेहेचाळीसही नळ्यांत गुठळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गुरुवारच्या पुढे थांबता येणार नाही; मग जे असेल ते चढवावं लागेल आणि शरीर काय करतं ते पाहावं लागेल. बारा-तेरा वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका पथकाने आमच्या तीनशे दात्यांचे पोटगट फुकट तपासून दिले होते. मावशींनी ते त्या त्या कार्डावर हिरव्या शाईने उतरवून ठेवले. शनिवारी मी त्या तीनशेंतून उन्नतीला चालेल असा दाता विचारला. उत्तराला एका सेकंदाचा पंचविसावा भाग लागला. एकच नाव : रोशनी, वय एकोणीस, बी.एस्सी. दुसरं वर्ष, हुडकेश्वर. मी खुर्चीतून उठलेच. मग फोन लावला, तर तो क्रमांकच अस्तित्वात नव्हता. उन्नतीचे वडील दुर्गेश हुडकेश्वरचेच. ते स्वतः त्या पत्त्यावर जाऊन आले. तिथे आता चार मजली फ्लॅट आहेत, आणि जुन्या घरमालकांचं नाव ऐकून वॉचमनने मान हलवली. माझं उत्तर बरोबर होतं. एका एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल ते बरोबर होतं, आणि ती मुलगी आता कुठेच नव्हती.

साडेदहाला जिना वाजला. मावशी आल्या आणि त्यांच्यामागे दुर्गेश. ते शाळेची व्हॅन चालवतात. सुट्टी लागायची असल्याने खाकी शर्ट अजून अंगात होता. आल्या आल्या ते बाकाच्या टोकाला बसले, उठायला सोपं जाईल असे. मावशींनी पदराने मान पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काहून वं, तोंड असं काहून केलं? काल मंगलाष्टकं ऐकून आली का कोनाची?"

"मावशी, काल तुम्ही सात वेळा शोधलं. मला फोन का नाही केला?"

"तुले काहून तरास? तूच त म्हने, मशीनले सगळं माहीत हाय. म्हटलं माह्यापेक्षा त्याले जास्त माहीत असन. ते गोल गोल फिरे अन् शून्य म्हने. गोल फिरे अन् शून्य."

"मावशी, यंत्रात पोरीचं काही नाहीच का मंग?" दुर्गेश म्हणाले. मग माझ्याकडे वळून, थोडं हसून, "उन्नी सकाळी म्हने, त्या कम्प्युटरवाल्या ताईले सांगा बाबा, जरा जोरात टाईप कर."

मी कपाटातून पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि जे जानेवारीत विचारायला हवं होतं ते विचारलं. "मावशी, लाल दोरा म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. "लाल म्हणजे बाई तेच, नाव दुसरं. माहेरचं कार्ड अन् सासरचं कार्ड. पिवळा म्हणजे एका मायची लेकरं. निळा म्हणजे एकाले फोन केला का बाकीचे त्याच्या मागं येतेत, मंग सगळ्यायले फोन करत बसाचं काम नाही."

खालच्या दुकानात तेवढ्यात भांड्यांवर नाव घालायचं यंत्र सुरू झालं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा ते चालतं. बारीक, दातात शिरणारा आवाज, सुई स्टीलवर ठिपका ठिपका उमटवत जाते. सहा महिने मी तो आवाज ऐकत होते आणि ऐकेनाशी झाले होते. आता तो पायांखालच्या फरशीतून वर चढला आणि मला आमच्या स्वयंपाकघरातली एक कळशी दिसली. मी सात-आठ वर्षांची असेन. नुकतं जोडाक्षर वाचता यायला लागलं होतं आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची हौस होती. बाकीच्या सगळ्या भांड्यांवर आईचं नाव होतं, सौ. प्रेमलता. त्या एका कळशीवर मात्र, गळ्याच्या खाली, झिजलेल्या ठिपक्यांत कु. दीपमाला असं होतं. मी आईला विचारलं, ही दीपमाला कोण, तिची कळशी आपल्याकडे कशी आली. आई कणीक मळत होती. म्हणाली, ती मीच. मला वाटलं ती थट्टा करते. मग तिने सांगितलं की लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून ठेवतात, आणि त्यांवर अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहायचं असतं. तुझ्या बाबांनी प्रेमलता लिहिलं. मी विचारलं, मग ते तांदूळ कुठे गेले? आई म्हणाली, काय माहीत, भात केला असेल कोणी. ती रात्रभर माझ्या मनातून जाईना, म्हणजे ती दुसरी, दीपमाला. मला वाटायचं ती अजून मामाकडे असते आणि आपली कळशी शोधते. आणि हे सगळं माहीत असून, या गावात, या घरात वाढून, संगणकात तक्ता मांडायच्या दिवशी मी नावाच्या रकान्याला शीर्षक दिलं होतं 'ओळख'. ज्याची ओळख वेगळी तो माणूस वेगळा. संस्थेच्या अहवालात मी अभिमानाने लिहिलं होतं, दाते चार हजार एकशे बारा. तीनशे अठ्ठ्याऐंशी बायका मी दोनदोनदा मोजल्या होत्या. आणि एका गोधडीच्या सुईने, कोणी न शिकवता, मावशींनी ती गोष्ट सोडवून ठेवली होती, जी मला पुस्तकात दोन प्रकरणं वाचूनही दिसली नव्हती. माणूस एका जागी ठेवायचा आणि त्याची नावं त्याला दोऱ्याने बांधायची.

"रोशनी लग्न झाल्यावर परत आली होती का?" मी विचारलं.

"आली होती न. एकदा रक्त देऊन गेली. नवं कार्ड मीच केलं, लाल दोरा मीच घातला. पन नाव आठवून नाही राहिलं वं. दोरा असला का नाव आठवाचं कामच नाही पडत. जुनं उचललं का नवं संगं येते."

"नाव सोडा. जे आठवते ते बोला. कसंही बोला, चौकोनात बसेल न बसेल. मी बसवते."

मावशी खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटले. मी तक्त्यावर थेट प्रश्न लिहायची काळी खिडकी उघडली, जी मी आजपर्यंत कोणाला दाखवली नव्हती, कारण ती पाहून माणसं घाबरतात. दुर्गेश बाकावरून उठून माझ्या मागे उभे राहिले. त्यांच्या श्वासाला व्हॅनमधल्या रेक्झिनचा वास होता.

"सौभाग्यवती हाय," मावशी म्हणाल्या. मी लिहिलं, बटण दाबलं. ९०२. "बी पॉझिटिव्ह त हायच." ३२७. मग म्हणाल्या, "मेट्रोचे खांब उभे करून राहिले होते तेव्हा. ते आली त घामानं चिंब होती, म्हने मावशी, बर्डीवर अर्धा घंटा गाडी हललीच नाही." मी वर्षं हिशोबात धरली, अलीकडची पलीकडची थोडी सैल ठेवून. ९४. आकडा बदलला तेव्हा दुर्गेशांच्या तोंडून हलकेच "अरे" असं निघालं. सहा महिन्यांत मी अशा शेकडो ओळी लिहिल्या होत्या, पण त्या वेळी माझ्या डोक्यात रकाने असायचे. आता एक बाई डोळे मिटून घाम, खांब, उशीर असं बोलत होती, आणि तिच्या प्रत्येक वाक्यासरशी काळोखातली माणसं मागे सरत होती. जे उरले त्यांच्यात कुठेतरी एक बाई होती, जिवंत, या क्षणी शहरात कुठेतरी चालती-बोलती, आणि ती आपण शोधली जातोय हे तिला ठाऊक नव्हतं.

"कळमन्याले दिली," मावशी म्हणाल्या. मी पत्त्यात कळमना घातलं. ४. चारही नावं मी वाचून दाखवली. मावशींनी चारही वेळा मान हलवली. एक तर त्यांच्या ओळखीची निघाली, शोभाताई, "ते त माह्यापेक्षा मोठी हाय!" खोली एकदम गरम वाटली. दुर्गेश परत बाकाकडे गेले.

"कार्डावर कळमनाच लिहिलं होतं का?"

मावशींनी डोळे उघडले. "कळमना लिहिलंच असन असं कुठं हाय? आपन बोलताना कळमना म्हणतो. बाजाराच्या यार्डात काम करते तो कळमन्याचा. राहाले पारडीले असन, भरतवाड्याले असन, चिखलीले असन. तुह्या मशीनले हे बी सांगा लागते का?"

"सांगा लागते, मावशी," मी म्हणाले, त्यांच्याच बोलीत, आणि ते आपोआप आलं. चार वस्त्या घातल्या. आकडा ४ वरून १९ वर गेला. वाढलेल्या आकड्याचा इतका आनंद मला यापूर्वी कधी झाला नव्हता.

एकोणीस कार्डं मी खोक्यांतून काढून टेबलावर मांडली. कूलरच्या वाऱ्याने ती सरकू लागली. "कूलर बंद कर वं, उडून राहिली सारी," मावशी म्हणाल्या, आणि कूलर थांबल्यावर खाली नाव घालायचं यंत्र, हातगाड्या, टेम्पोचा हॉर्न असं सगळं एकदम खोलीत शिरलं. आता मी कार्डांकडे पहिल्यांदा नीट पाहत होते. जानेवारीत मला भोकं म्हणजे खराबी वाटली होती. स्कॅन केलेल्या चित्रांवरून मी ती एका छोट्या आज्ञावलीने पुसूनही टाकली होती. मावशी म्हणाल्या लाल दोरा वरच्या डाव्या कोपऱ्यात, पिवळा उजव्या, निळा खाली. एकोणीसपैकी वरच्या डाव्या कोपऱ्यात भोक असलेली कार्डं पाच. पाच बायका, ज्यांचं दुसरं नाव कुठेतरी होतं. मी ती उलटली. मागची बाजू मी स्कॅनच केली नव्हती, कारण तिथे रकाने नव्हते. मागे मावशींचं बारीक अक्षर होतं. 'दुपारी दोननंतरच.' 'नवऱ्याले सांगून येते, घाई करू नये.' 'सुईले भेते, बोलत राहावं.' 'फोन सासू उचलते, आधी गुडघा विचारावा.' 'दोन डाग पडले होते हातावर, डावा हात घ्यावा.' मी पाचही वाचले आणि परत पहिल्यापासून वाचले. तेवीस वर्षं ही बाई चार हजार माणसांना कसं हाक मारायचं ते लिहून ठेवत होती.

"याच्यातली कोनती?" दुर्गेश म्हणाले. "पाचही जनीयले फोन करू न."

पण तिघींचे फोन बंद निघाले. एकीने उचलला, तिचं माहेर वर्ध्याचं. उरलेला एक कोणीच उचलेना. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बंद निघालेल्या तीन पत्त्यांवर दुर्गेश आणि मी दोन गाड्या घेऊन गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती, आणि तिथेही फ्लॅट उभे असते तर बुधवार. मी रोशनीचं जुनं कार्ड हातात धरून बसले होते. पिवळसर, हिरव्या शाईचं, कोपऱ्यात भोक. हातात काही असलं की मोजायचं, ही माझी सवय. पट्टी लावली. भोक डाव्या कडेपासून अकरा मिलिमीटर, वरच्या कडेपासून सात. मग पाचांतल्या पहिल्या कार्डाचं मोजलं : नऊ आणि नऊ. दुसऱ्याचं तेरा आणि सहा. मी पट्टी खाली ठेवली.

"मावशी, भोक कसं पाडायच्या?"

"कसं म्हणजे? दोन्ही कार्डं एकावर एक धरली का सुई आरपार. एकाच हातानं."

"जुळवून? कडेला कड?"

"मंग? वाकडं बांधलं त खोक्यात बसते का?"

एकाच वेळी, एकाच सुईने. म्हणजे प्रत्येक जोडीचं भोक त्या दिवशी त्या हाताने जिथे पाडलं तिथेच होतं, दुसऱ्या कुठल्याही जोडीपेक्षा वेगळं, आणि दोन्ही कार्डांवर सारखं. दोरे मी कापले होते, क्रम मोडला होता, चित्रांवरून भोकं पुसली होती, आणि तरीही ती गाठ पुठ्ठ्यात शाबूत होती. मी खिडकीशी गेले. बाहेर इतवारीचं दुपारचं ऊन पांढरं पडलं होतं. रोशनीच्या कार्डामागे पहिलं कार्ड धरलं, कडा जुळवल्या आणि उन्हाकडे केलं. भोक बंद. दुसरं धरलं. बंद. तिसऱ्यात कडेला केसाएवढी फट दिसली, तीही कार्ड सारखं केल्यावर मिटली. चौथं धरलं तेव्हा कोपर खिडकीच्या गजाला टेकवले. दोन्ही कार्डांतून उजेडाचा एक थेंब सरळ माझ्या डोळ्यावर पडला. मी मागे झाले, तो माझ्या गालावर सरकला. हिरव्या शाईतली एकोणीस वर्षांची मुलगी आणि तिच्यामागची पंचवीस वर्षांची बाई, आणि दोघींतून जाणारी ती एक रेघ. दुर्गेश जवळ आले, त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं, आणि मग मावशींना हाताने बोलावलं, देवळात बोलावतात तसं.

चौथ्या कार्डावर नाव होतं अरुंधती. पारडी. पाठीमागे : 'फोन सासू उचलते, आधी गुडघा विचारावा.' हाच तो न उचललेला फोन होता. मावशींनी चष्मा लावला, आपलंच अक्षर वाचलं आणि फोन परत लावला. मी आवाज मोठा केला. नऊ वेळा वाजला. दहाव्याला एक खरखरीत आवाज आला. "कोन?"

"मी रक्तवाली कौसल्या बोलून राहिली, इतवारीहून. गुडघा कसा हाय आता?"

"गुडघा?" पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "अवं बाई, काय सांगू, डावा बरा झाला त उजवा सुरू झाला. तुमी सांगितलेलं तेल लावलं न मी, सहा महिने लावलं." मग गुडघ्याविषयी पूर्ण दोन मिनिटं बोलणं झालं. दुर्गेश जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. मावशींना घाई नव्हती, किंवा ती त्यांनी कुठेतरी बाजूला ठेवली होती. शेवटी पलीकडून हाक गेली, "अरुंधती! अवं अरुंधती, तुह्या रक्तवाल्या मावशीचा फोन हाय!"

पावलं वाजली. "हॅलो?"

"रोशनी का वं?" मावशी म्हणाल्या.

कुकरची एक शिट्टी झाली. "हो मावशी," ती म्हणाली. "बोला."

मावशींनी चार वाक्यांत सांगितलं. मुलगी नऊ वर्षांची, सेहेचाळीस पिशव्या जुळल्या नाहीत, कार्डावर तुझं जुळते, गुरुवारपर्यंत.

"कुठची आहे पोरगी?"

"हुडकेश्वरची."

"मग काय विचारता? किती वाजता येऊ?"

दुर्गेश जिन्याच्या पायरीवर बसले.

ती तीन वाजता स्कूटीवरून आली, चेहऱ्याला ओढणी गुंडाळून, डोळे तेवढे उघडे. रक्तपेढीच्या दारात तिने ओढणी सोडली आणि मी तिच्याकडे टक लावून पाहत राहिले. चार दिवस जिला मी अक्षरांत आणि आकड्यांत पाहिलं होतं तिला दंड होते, घाम होता, पिशवीत मुलाची पाण्याची बाटली होती. तिने अर्जावर अरुंधती लिहिलं आणि खाली सही केली. सहीतल्या पहिल्या अक्षराचा वळसा 'र'चा होता. ती तशीच राहून गेली असावी. रक्ताचा नमुना घेऊन तपासनीस आत गेले. सव्वा तासाने परत आले आणि म्हणाले, चारही नळ्या स्वच्छ आहेत, गुठळी नाही. मावशींनी हात जोडले नाहीत, फक्त पिशवीतून पारले बिस्किटांचा पुडा काढून तयार ठेवला. मग तपासनीस दुर्गेशांकडे वळले.

"एवढ्यावर खूश होऊ नका. बाईचं स्वतःचं हिमोग्लोबिन पाहा लागन. साडेबाराच्या खाली असलं त आम्ही घेत नाही, कोणासाठीच नाही. बायायचं इथंच अडकते. मागच्या हप्त्यात सात आल्या, चार परत पाठवल्या."

"शेवटचं किती होतं तुझं?" मी अरुंधतीला विचारलं.

"लहान्याच्या वेळी नऊ होतं. त्याले तीन वर्षं झाली. मग पाहिलंच नाही."

"पालक-गिलक खाते का वं?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, आता खाऊन वाढणार आहे का पाच मिनिटांत?" ती हसली आणि खुर्चीत बसली. वजन बावन्न किलो. रक्तदाब एकशे दहा, सत्तर. तपासनिसांनी तिचा डावा हात पुढे मागितला. अनामिकेचं टोक कापसाने पुसलं. दुर्गेश भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथे लावलेला तक्ता वाचू लागले, किंवा वाचत असल्यासारखे दिसले. सुई टोचली. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, तो पुसला. दुसरा आला, गडद, पूर्ण गोल, आणि बोटाच्या टोकावर काही क्षण तसाच थांबला. पट्टीने तो आत ओढून घेतला. यंत्रावर आधी तीन आडव्या रेघा दिसल्या, आणि मी मनात सेकंद मोजू लागले. अकराव्या सेकंदाला रेघा गेल्या.

१२.६